स्थानिक लोक म्हणतात

"मॅडम, 'फूटपट्टी' नावाचा हा सदस्य कोण आहे? त्याने लिफ्टच्या लेखात चक्क थाप मारली आहे. माझ्याकडे पुरावा आहे. शनिवारी दाखवतो." इंटरनेटवरच्या, कोणालाही लिहिता येणाऱ्या ज्ञानकोशाच्या चर्चापानावर एवढंच होतं आणि खाली विमा इन्स्पेक्टरांची सही. तिने ते डबा खाता खाता वाचलं, घास चावून संपवला, पाणी प्यायली आणि पुन्हा वाचलं. थाप. दुसरा शब्द सापडला नाही या माणसाला. चूक म्हणावं, गफलत म्हणावं. ज्ञानकोशात तर 'संदर्भ आढळला नाही' असं म्हणायची सभ्य रीत आहे, आणि ती तिनेच त्यांना शिकवली होती. पण इन्स्पेक्टरांचा सगळा जन्म विम्याचे खोटे दावे पकडण्यात गेलेला. जळालेल्या गोदामात गेलं की आधी राखेकडे नाही, मालकाच्या तोंडाकडे बघायचं, असं ते स्वतःच सांगत. 'फूटपट्टी' म्हणजे तिचा नवरा. हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ज्ञानकोशात बहुतेक जण टोपणनावानेच वावरतात. ती स्वतः तिथे 'कानोसा' होती, इन्स्पेक्टर 'पंचनामा' होते, आणि नवरा नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला म्हणून 'फूटपट्टी'. तो जाऊन आता काही वर्षं झाली होती, पण त्याने लिहिलेलं बरंचसं अजून आपापल्या जागी होतं, आणि त्यातल्या एका शब्दालाही कोणी थाप म्हटलं नव्हतं. तिला राग आला. मग राग ओसरला आणि तिने अर्ध्या डब्यावर झाकण लावलं, कारण इन्स्पेक्टर उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते.

तिचं पोटापाण्याचं काम कान तपासायचं. दवाखान्याच्या तळमजल्यावर काचेची आवाजबंद खोली होती. आत माणूस हेडफोन लावून बसायचा, बाहेरून ती बारीक बारीक सूर सोडायची, आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. ज्ञानकोशाचा उद्योग मात्र नवऱ्याने तिच्या गळ्यात मारलेला. आधी ती नुसती त्याच्या मागे उभी राहून बघायची, मग शुद्धलेखन सुधारायला लागली, आणि तो गेल्यावर नव्याने येणाऱ्या संपादकांना हाताशी धरायचं काम तिच्याकडे आलं. येणारे सगळे घोड्यावर बसून येतात. पहिल्याच दिवशी त्यांना आपल्या शाळेवर, आपल्या काकांवर, नाहीतर सबंध विश्वाच्या उत्पत्तीवर लिहायचं असतं. ती म्हणायची, आधी धूळपाटीवर गिरवा. तिथे लिहा, पुसा, कोणाचं काही बिघडत नाही. मग म्हणायची, घरच्या माणसांबद्दल लिहू नका, त्यांच्याबद्दल आपल्याला फार माहिती असते आणि ती सगळी एका बाजूची असते. आणि 'लोक म्हणतात', 'असे मानले जाते' असलं काही दिसलं की तिथल्या तिथे चौकटी कंसात 'कोण?' एवढंच टाका. एक बाई यावरून रडकुंडीला आल्या होत्या. "माझ्या वडिलांना सगळे देवमाणूस म्हणायचे, आणि तुम्ही त्यापुढे 'कोण?' असं लिहिलंत." त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. इन्स्पेक्टरांना मात्र तो कंस इतका आवडला, की बायकोने 'सगळ्यांच्या घरी नवे पडदे आले' म्हटल्यावर त्यांनी समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला 'कोण?' लिहून ते तिच्यापुढे सरकवलं, आणि त्या दिवशी त्यांचं जेवण उशिरा झालं. हे त्यांनीच सांगितलं होतं, हसत.

लिफ्टचा लेख म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. शहर दोन पातळ्यांवर वसलेलं. खाली बाजार, वर दवाखाना, वाचनालय आणि कचेऱ्या, आणि मधल्या कड्याला चिकटून सरकारी लिफ्ट. कधी बांधली, किती माणसं मावतात, मोटर केव्हा बदलली. आणि शेवटी एक ओळ: 'स्थानिक लोक या लिफ्टला "आत्याबाई" म्हणतात.' ही ओळ थाप असेल तर मग तिचं लग्नच एका थापेवर झालं होतं म्हणायचं. दवाखान्यात नवी नवी लागली तेव्हा तिला लिफ्टची भीती वाटायची, आणि कड्याचे जिने चढायला त्याहून जास्त कंटाळा यायचा. एका सकाळी लिफ्ट मध्येच गचका देऊन थांबली. कोणी घसा खाकरला, तिने डोळे मिटून घेतले, आणि शेजारचा एक लांब हातांचा माणूस, काखेत नकाशाची नळी धरलेला, अगदी सहज म्हणाला, "घाबरू नका. लोक हिला आत्याबाई म्हणतात. कुरकुर करते, पण पोचवते." आणि खरोखरच, म्हाताऱ्या बाईने गुडघ्यावर हात टेकून उठावं तशी लिफ्ट कण्हत कण्हत वर गेली. तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिफ्टमध्ये होता, तिसऱ्या दिवशीही, आणि त्याची कचेरी खाली बाजारात होती हे तिला पुढे कधीतरी कळलं.

संध्याकाळी ती त्याच लिफ्टने खाली निघाली. दारापाशी एक बाई मुलाला सांगत होती, "थांब, आत्याबाई येऊ दे." ती मनात म्हणाली, हे बघा इन्स्पेक्टर, ऐका. खालच्या बाजारात तर 'आत्याबाई झेरॉक्स' असं दुकानही होतं. पण दार लागलं, लिफ्ट कुरकुरायला लागली, आणि तिला वाटलं, हे सगळं हल्लीचं आहे. त्याआधी? त्याआधी ही लिफ्ट आत्याबाई आहे असं तिने कोणाच्या तोंडून ऐकलं होतं? जन्मभर कानांचं काम केलेली बाई ती. माणसांचे चेहरे विसरायची पण आवाज विसरायची नाही. ती एकेका आवाजाला बोलावून विचारायला लागली. दवाखान्यातली मेट्रन: ती 'लिफ्ट' म्हणायची. घरमालक 'ते यंत्र' म्हणायचा. सासूबाई त्यात बसतच नसत. लेक म्हणायची आत्याबाई, पण ती त्याच्याच मांडीवर शिकली होती. काचेच्या खोलीत काही माणसं अशी येतात, की सूर सोडलेला नसतानाच बटण दाबतात. लबाड नसतात ती. त्यांना इतकं ऐकू यायला हवं असतं, की येतंच. अशा वेळी तिला कागदावर खूण करावी लागे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. लिफ्ट खाली टेकली, सगळे उतरले, आणि तिला त्या नावाचा, त्याचा सोडून, दुसरा एकही जुना आवाज सापडलेला नव्हता.

घरी आल्यावर चहा ठेवायच्या आधी तिने लेखाचा इतिहास उघडला. हीच एक सोय ज्ञानकोशात चांगली आहे; कोणी केव्हा काय घातलं आणि काय काढलं, सगळं तारीखवार दिसतं, आणि माणसाच्या डोक्याची मात्र अशी सोय नाही. नवऱ्याचे अगदी सुरुवातीचे बदल. नियम माहीत नसलेल्या माणसाचे, धसमुसळे. मूळ ओळ अशी होती: 'स्थानिक लोक या लिफ्टला प्रेमाने "आत्याबाई" म्हणतात, कारण वर चढताना ती कण्हते आणि पोचल्यावर सगळ्यांवर उपकार केल्यासारखे दार उघडते.' पुढे त्यानेच 'प्रेमाने' काढलं, कारणही काढलं, आणि बदल का केला ते सांगायच्या सारांशात लिहिलं: 'हे मत आहे, माहिती नव्हे.' म्हणजे कात्री घेऊन तो इथे परत आला होता. स्वतःचं वाक्य त्याने स्वतः तासलं होतं आणि नेमकी थाप तेवढी जागेवर ठेवली होती. जो माणूस दुसऱ्याच्या लेखात धरणाची उंची हातभर चुकली तर दोन दिवस जेवणावरून उठून उठून भांडायचा, तो. चर्चापानावर एव्हाना इन्स्पेक्टरांनी आपलं शोधकामही मांडलं होतं. वर्तमानपत्राने ही ओळ ज्ञानकोशातून उचलली, पर्यटनवाल्यांनी वर्तमानपत्रातून फलकावर रंगवली, आणि मग कोणी भल्या माणसाने त्या फलकाचा फोटो काढून तोच या ओळीला संदर्भ म्हणून जोडला. 'मांजर आपल्याच शेपटीमागे फिरते आहे', असा शेरा त्यांनी मारला होता. शेरा चांगला होता. एरवी तिने तो पुढच्या नव्या मंडळींना दाखवायला म्हणून जपून ठेवला असता.

चहा उकळून आटला तरी तिचं लक्ष नव्हतं. लोक म्हणतात. त्याच्या तोंडी ते सतत असायचं, आणि इतक्या वर्षांत ती एकदाही 'कोण?' म्हणाली नव्हती. पहिली भाड्याची खोली अंधारी मिळाली तेव्हा तो म्हणाला, लोक म्हणतात या खोलीत राहून गेलेल्या कोणाचंच भांडण रात्र काढत नाही. ती बढतीच्या परीक्षेत नापास झाली तेव्हा म्हणाला, त्या वर्षीचे परीक्षक कच्चे होते असं लोक म्हणतात. तुमच्या दवाखान्यात सगळे म्हणतात, तुझ्याइतकं सांभाळून कान कोणी तपासत नाही. ती खूष व्हायची आणि वर म्हणायची, जा, काहीतरीच. ही झाली किरकोळ चिल्लर, त्याचं तिला काही वाटलं नाही. उलट ओठ जरा हलले. पण मग आई आठवली. आई गेली तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती आणि तो पोचला होता. तो म्हणाला, "तुझी आई शेवटी मला म्हणाली, दोघांत माझी भिस्त हिच्यावर होती." त्या एका वाक्यावर तिने भावाचं सगळं बोलणं सोसलं होतं. आता आईला विचारता येत नव्हतं, त्याला विचारता येत नव्हतं. आई आयुष्यात कधी 'भिस्त' हा शब्द बोलली होती का? तिच्या कानाने सांगितलं, नाही. तिने गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली.

आणि एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं, पण मन एकदा उतारावर लागलं की तळ गाठल्याशिवाय थांबत नाही. त्याचं आजारपण. तिच्याच दवाखान्यात, तिच्याच डोक्यावर दोन मजले. ती म्हणाली होती, मी येते डॉक्टरांकडे, फाईल मी बघते. त्यावर तो म्हणाला, "घरच्या माणसाने घरच्या लेखात हात घालायचा नाही. नियम कोणी शिकवला तुला?" ती हसली होती, आणि फाईल बघितली नव्हती. तो एकटा वर जायचा आणि खाली येऊन काचेच्या खोलीच्या दारात उभा राहून सांगायचा, डॉक्टर म्हणतात औषध लागू पडतंय. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात कड्याचे जिने चढायला लागाल. तिने त्याच्यासाठी चालायचे बूट आणले होते. मग एका आठवड्यात सगळं आटोपलं, आणि सगळे म्हणाले, अचानक गेले. तीही तेच म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने वर जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते कॉरिडॉरमध्ये हात पुसत उभे होते. तिने आडवळण घेतलं नाही. "डॉक्टर, एक जुनं विचारायचंय. ह्यांना औषध लागू पडतंय असं तुम्ही म्हणाला होतात?" डॉक्टरांना एक क्षण लागला, मग त्यांच्या लक्षात आलं. "दुखणं कमी करायचं औषध होतं ते, ताई. ते लागू पडत होतं." "आणि जिने चढतील, असं?" "असं मी कशाला म्हणेन? मी त्यांना पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट सांगितलं होतं. किती दिवस आहेत तेही. ते म्हणाले, घरी मी सांगतो." डॉक्टरांनी हात पुसायचं थांबवलं. "त्यांनी सांगितलं नव्हतं का?" ती म्हणाली, "सांगितलं होतं. मी जरा पडताळून बघत होते." आणि ती जिन्याने खाली आली, काचेच्या खोलीत जाऊन दार लावून बसली, जिथे स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. तिला त्याचा भयंकर राग आला. तिला निरोप घ्यायचा होता. लोकांच्या बायका घेतात तसा, हात धरून, जे बोलायचं ते बोलून. ते दिवस तिचे होते, आणि ते त्याने चालण्याच्या बुटांच्या गप्पांत संपवले. वर तिच्याच नियमाचा बोळा तिच्या कानात घालून. ती बराच वेळ तिथे रडली. बाहेर तपासणीला आलेले आजोबा काचेतून बघत होते. त्यांना ऐकू येत नसल्यामुळे, आणि खोली आवाजबंद असल्यामुळे, तिला तशी काही अडचण नव्हती.

शनिवारी वाचनालयात कोपऱ्यातल्या संगणकाच्या टेबलाशी ती आणि इन्स्पेक्टर दोघंच होते. ग्रंथपाल आपल्या काउंटरमागे कार्डं लावत होता. इन्स्पेक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कागद क्रमाने लावले होते. "ही लिफ्टच्या उद्घाटनाची स्मरणिका. हे जुने अंक. आत्याबाई कुठेही नाही. तरी म्हटलं, कागदात नसेल, तोंडी असेल. म्हणून जुन्या लिफ्टमनला गाठलं. अख्खी नोकरी त्या लिफ्टमध्ये उभा होता. तो म्हणतो, आम्ही तिला 'डबा' म्हणायचो. आत्याबाई हे हल्लीचं फॅड, कुठून आलं देव जाणे. कुठून आलं ते मी सांगतो, म्हटलं." त्यांनी बोटाने पडद्यावरच्या 'फूटपट्टी'वर टकटक केलं. "आता याला विचारावं, तर हा बरीच वर्षं गायब."

"ते माझे यजमान," ती म्हणाली. "वारले."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद उगाच सरळ केले. "मला कल्पना नव्हती, मॅडम. मी तो शब्द वापरायला नको होता."

"शब्द बरोबर आहे. ती थापच आहे."

"नाही, तसं बघितलं तर," ते घाईने म्हणाले, आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस उभ्या जन्मात पहिल्यांदाच दाव्याच्या बाजूने बोलतो आहे. "तसं बघितलं तर आज लोक म्हणतातच की. दुकानाला नाव आहे. आणि तुम्ही स्वतः आहात. ही ओळ लिहायच्या आधी तुम्ही हे नाव ऐकलं होतं?"

"कितीतरी आधी."

"मग झालं तर. तुम्ही साक्षीदार. कोणाकडून ऐकलंत?"

"ह्यांच्याकडूनच."

"आणखी कोणाकडून?"

"नाही. सगळं एकाच माणसाकडून."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. एकाच तोंडचं धरायचं नाही, दुसरा स्वतंत्र संदर्भ हवा, हे तिनेच त्यांच्याकडून धूळपाटीवर घोटून घेतलं होतं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "राहू दे, मॅडम. कोणाच्या लक्षात येणार नाही. एक ओळ राहिली तर कोणाचं काय जातं?" तिला ती ओळ राहायला हवी होती. दोन दिवस त्याच्यावर चिडून, भांडून, मनातल्या मनात त्याला नको नको ते बोलूनसुद्धा हवीच होती. त्याने जगात सोडलेल्या गोष्टींपैकी अजून चालती-बोलती अशी ती एकच होती. ती हो म्हणाली असती तर इन्स्पेक्टरांनी तिथेच कागदांची घडी करून खिशात टाकली असती. पण मग ती ओळ त्याची राहिली नसती. ती इन्स्पेक्टरांच्या दयेवर राहिली असती, आणि दर वेळी लेख उघडताना तिला त्यांची ही मान खाली घातलेली दिसली असती. थाप मारली होती त्याने, उजळ माथ्याने मारली होती, कोणाची मेहेरबानी मागून नव्हे.

"काढा," ती म्हणाली. "घरचा माणूस असल्यामुळे मी हात लावणार नाही. तुम्ही काढा."

"सारांशात काय लिहू?"

"संदर्भ आढळला नाही."

त्यांनी एका बोटाने सावकाश टाईप केलं आणि बटण दाबलं. ओळ गेली. मोटर बदलल्याच्या वाक्यानंतर थेट टिपा सुरू झाल्या, मध्ये काही होतं असं वाटतही नव्हतं. ती बघत राहिली. छातीवर कोणीतरी हात ठेवून काढून घ्यावा तसं झालं, आणि त्यापुढे काही झालं नाही. इन्स्पेक्टर कागद पिशवीत भरायला लागले. एक कागद खाली पडला, तो त्यांनी उचलला, पिशवीत घातला, परत काढला. मग तिच्याकडे न बघता, कागदांशी बोलल्यासारखे म्हणाले, "इथे वाचनालयात सगळे म्हणतात, मॅडम. तुमच्याइतकं समजावून कोणी शिकवत नाही."

तिने वर बघितलं. वाचनालयात ग्रंथपाल होता, आणि तो आजवर तिच्याशी 'वेळ संपली' याखेरीज काही बोलला नव्हता. बाकीची टेबलं रिकामी होती. इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले होते.

"हो का?" ती म्हणाली. "बरं वाटलं ऐकून."